एकच कांदा, दोन हेडिंगं

प्रश्न : मी पुण्यात राहते, माहेर निफाड तालुक्यात. दोन्ही घरी एकच पेपर येतो. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर निर्यात शुल्क लागलं तेव्हा मी माहेरी होते. तिथल्या पेपरात पहिल्या पानावर शेतकऱ्यांचा संताप, आणि पुण्याला आल्यावर रद्दीत त्याच दिवसाचा अंक बघितला तर कांदा महागणार नाही, ग्राहकांना दिलासा! मग खोटं कोण बोलत होतं?

उत्तर : ताई, खोटं बहुतेक कोणीच बोलत नव्हतं, आणि म्हणूनच हे पकडायला अवघड जातं. 19 ऑगस्टला केंद्राने 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, म्हणजे कांदा परदेशी पाठवणं महागलं आणि तो इथेच राहून भाव पडायची शक्यता वाढली, ही बातमी दोन्हीकडे सारखीच, पण पेपर तयार करणारा माणूस आधी हा विचार करतो की सकाळी हा अंक कोणाच्या हातात पडणार आहे. निफाडला तो ज्याच्या हातात पडतो त्याचा उन्हाळ कांदा एप्रिलपासून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमधे, पडलाय आणि पुण्यात जिच्या हातात पडतो ती संध्याकाळी मंडईत पिशवी घेऊन जाणार आहे. एकाला भाव पडला म्हणून धडकी भरते, दुसरीला तोच भाव वाढला म्हणून.

नुसतं हेडिंग नका बघू, युनिट बघा. मला स्वतःला ही गोष्ट फार उशिरा कळली. शेतकऱ्यांचा राग वाढला, लासलगावसकट नाशिकच्या बाजार समित्यांमधे लिलाव बंद पडले, तेव्हा केंद्राने जाहीर केलं की आणखी 2 लाख टन कांदा 2410 रुपये क्विंटलने घेणार. 2410 हा आकडा केवढा मोठा वाटतो ना? पण तो किलोला 24 रुपये 10 पैसे होतो, आणि त्याच आठवड्यात दिल्लीत सरकारी गाड्यांवर कांदा किलोला 25 रुपयांनी विकायला काढला होता. आता एखाद्या पेपरने वर क्विंटलचा भाव छापला आणि दुसऱ्याने किलोचा, तर आकडा कोणीच चुकवला नाही तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं तयार होतात. त्यात निवडीचा, साठवणुकीत सडलेल्या मालाचा, गाडीभाड्याचा खर्च कुठे गेला हे शहरातल्या आवृत्तीत क्वचितच येतं, आणि हे मला मनापासून खटकतं.

फोटोचंही तेच, एकीकडे रस्त्यावर ओतलेला कांदा आणि दुसरीकडे भाजीच्या गाड्यावर भाव विचारणारी बाई. शब्दही बघा, 'रास्ता रोको, शेतकरी आक्रमक' आणि 'वाहतूक ठप्प, प्रवाशांचे हाल' ह्या एकाच दुपारच्या दोन बातम्या असू शकतात. बातमीत पहिलं वाक्य कोणाचं घेतलंय, मंत्र्याचं की चाळीवाल्याचं, तेही बघा, कारण शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचतो कोण.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. ब्रिटनमधे 30 एप्रिल 2015 ला, निवडणुकीच्या आठवडाभर आधी, द सन या पेपरने इंग्लंडच्या आवृत्तीत तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना तान्ह्या बाळाच्या रूपात छापून हुजूर पक्षाला पाठिंबा दिला, आणि त्याच दिवशी स्कॉटलंडच्या आवृत्तीत निकोला स्टर्जन यांना स्टार वॉर्समधली राजकुमारी करून त्यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला! मालक एकच, रुपर्ट मर्डोक यांची कंपनी. स्कॉटलंडचा वाचक कुठे झुकलाय हे तेव्हा उघड दिसत होतं, 7 मेला त्या पक्षाला तिथल्या 59 पैकी 56 जागा मिळाल्या. तिथे तर नुसती मांडणी नाही, मतच आवृत्तीगणिक बदललं. आपल्याकडे कांद्याच्या बातमीत एवढं उघड होत नाही, पण वाट तीच.

म्हणून वाचकाचा विचार करणं वाईट असं मी म्हणणार नाही. निफाडच्या पेपरात कांद्याला जास्त जागा मिळालीच पाहिजे, तो तिथल्या घराघराचा विषय आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की पुण्याच्या वाचकाला चाळीतला शेतकरी आणि निफाडच्या वाचकाला मंडईतली बाई दिसतच नाही, आणि मग दोघं एकमेकांवर चिडतात.

तुमच्याकडे तर दोन्ही टोकं घरातच आहेत. पुढच्या वेळी कांदा पहिल्या पानावर आला की ई-पेपरवर आवृत्ती बदलून नाशिकचं पान उघडा, आणि माहेरी फोन करून विचारा की आज पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची हिशेबाची पावती, कितीची निघाली, हमाली तोलाई जाऊन हातात किती राहिले.