टचपॅडसाठी हँडहेल्ड बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉग अलाय हा हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी (हँडहेल्ड) घेऊन वर्ष झालं. त्यावर स्टेलारिस या डावपेचांच्या खेळासारखे माउसचे खेळ खेळताना कर्सर हाताळणं जिकिरीचं होतं. म्हणून तो विकून टचपॅडवाला स्टीम डेक ओलेड हा दुसरा हँडहेल्ड घ्यायचा, वरची रक्कम हप्त्यांनी फेडायची आणि तोवर दरमहाची गुंतवणूक थांबवायची. हाताशी शिल्लक आहे दोन महिन्यांच्या खर्चापुरती.

अडचण खरी आहे. अंगठ्याने हलवायची स्टिक जितकी झुकवाल तितक्या वेगाने कर्सर पळतो, त्यामुळे बारीक बटणावर तो नेमका थांबत नाही. टचपॅडवर तो बोटाबरोबर सरकतो आणि बोट थांबलं की थांबतो. टचस्क्रीनही इथे अपुरा पडतो. कर्सर नुसता वर नेला की उघडणाऱ्या माहितीच्या चौकटी बोटाने नीट उघडत नाहीत, आणि या खेळातले बरेचसे निर्णय त्या वाचूनच घ्यावे लागतात. त्यामुळे तुमची मागणी मी निव्वळ हौस मानत नाही.

पण या अदलाबदलीत टचपॅडच्या बदल्यात काय जातंय, तेही बघा. तुमच्या अलायमध्ये झेड१ एक्स्ट्रीम हा प्रोसेसर असेल, तर त्यात ८ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत. डेकमध्ये ४, तेही जुन्या पिढीचे. स्टेलारिसचा डाव लांबला की खरा भार प्रोसेसरवर येतो. म्हणजे कर्सर सुधारेल आणि डाव रेंगाळेल! स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेले खेळ तुमच्याबरोबर येतील, पण गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी योजनेतले खेळ डेकच्या स्टीमओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर थेट इन्स्टॉल होत नाहीत, क्लाउडवरून खेळावे लागतात. ती वर्गणी भरत असाल तर तोही तोटा हिशेबात धरा. लेनोवोच्या लीजन गो या हँडहेल्डमध्ये ताकदवान प्रोसेसर आणि छोटा टचपॅड दोन्ही मिळतात, शिवाय उजवा कंट्रोलर सुटा करून माउससारखा वापरता येतो; मात्र वजन ८५४ ग्रॅम, अलायचं ६०८. झोपून खेळणाऱ्याच्या मनगटाला हा फरक कळतो.

माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका. यंत्रापेक्षा मला पैसे उभे करण्याची तुमची रीत खटकते. उत्पन्न थांबलं तरी हप्ता थांबत नाही, आणि तुमच्या पाठीशी दोनच महिने आहेत. आधी शिल्लक निदान चार महिन्यांची करा. दरम्यान टेबलाशी बसून खेळताना साधा ब्लूटूथ माउस जोडा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी ओळखीतल्या कुणाचा डेक दोन दिवस मागून घ्या आणि नवा डाव न मांडता तुमचाच लांबलेला डाव त्यावर चालवून बघा.

थांबण्यात अलायची किंमत थोडी घसरेल, हे खरं. तरी व्याज आणि खंडित गुंतवणूक यांपुढे ती घट मला परवडणारी वाटते. पुढे डेकच घ्यायचा ठरला, तर वापरलेला एलसीडी पडद्याचा जुना डेकही बघा: दोन टचपॅड त्यातही आहेत, आणि तुम्हाला हवेत ते तेच.