नैसर्गिक रंगात रंगवलेलं सूत ताण्याला चालतं का?

तुम्ही विचारलंय की छोट्या मागावर सुती विणकाम येतं, आता ताणाच (मागावरचे उभे धागे) हळद, मंजिष्ठा (लाल रंग देणारं मूळ), नीळ अशा रंगांत रंगवून भिंतीवर लावायची कलाकृती करायची आहे. तर सूत टिकेल का आणि सुरुवात कुठून करावी.

टिकतं. फक्त लोखंडाचा काळा ताण्यात घेऊ नका. हिरड्यात भिजवलेल्या सुताला लोखंडाचं पाणी दिलं की झटक्यात करडा-काळा चढतो, म्हणून नव्याने रंगवणाऱ्याला त्याचा मोह होतोच. पण लोखंड काळाच्या ओघात धागा कमकुवत करतं. जुन्या कापडांत काळी नक्षी झडून गेलेली आणि शेजारचा लाल शाबूत, असं दिसतं ते त्यामुळेच. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, एक वेळ निभावतं. ताणा मात्र सतत ओढलेला असतो आणि फणीत (ताण्याचे धागे ज्या दातांमधून जातात तिच्यात) घासत राहतो. गडद हवाच असेल तर मंजिष्ठेत किंवा कातात रंगवलेल्या सुतावर नीळ चढवा. काळ्याच्या खूप जवळ जाता येतं, आणि मला तर तो रंग लोखंडी काळ्यापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

आधी हेही ठरवा की ताणा दिसणार आहे का. बाणा दाबून ताणा पूर्ण झाकणारी विणकामाची पद्धत असेल, तर रंगवण्याचे सगळे कष्ट आत लपतील. साध्या, समतोल विणीत ताणा आणि बाणा दोन्ही दिसतात. पैठणीतली धूपछाव अशीच येते: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि कापड हललं की रंग पालटतो. म्हणून ताण्याचा रंग एकटा पाहून निवडू नका. त्याच्यावर बाण्याचे दोनचार धागे आडवे ठेवून बघा.

आता सूत. दुपदरी, चांगल्या पिळाचं घ्या. लडीला आठच्या आकड्यासारखे सैल बंध बांधा, नाहीतर बंधाखाली रंग पोचत नाही आणि गुंता होतो तो वेगळाच. धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. पाणी पिवळट होईल, तो सुतातला मेण-मळ. रंगाआधीच सूत आटू द्यायचं, ताणा घातल्यावर नाही. मग १०० ग्रॅम सुताला साधारण २० ग्रॅम हिरडापूड, त्यानंतर १५ ते २० ग्रॅम तुरटी. या दोन पायऱ्यांत घाई केली तर पुढे कितीही मंजिष्ठा ओता, रंग धुऊन जातो. ओडिशातल्या कोटपाडचे विणकर आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल चढवण्याआधी सुताला एरंडेल, राख आणि शेणाचे संस्कार देतात; तिथे खरा वेळ या तयारीतच जातो.

मंजिष्ठा उकळू नका. फार तापली की लाल सोडून तपकिरीकडे झुकू शकते. बोअरचं जड पाणी तिला मानवतं, कारण त्यातला चुना लालाला मदत करतो. हळद मात्र ताण्यात घेऊ नका. उन्हात ती फार लवकर उडते, आणि भिंतीवरच्या कामाला उजेड चुकत नाही. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल बरी. निळीचं सूत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर सुटा रंग फणीला आणि शेजारच्या फिक्या धाग्यांना लागतो. सगळं रंगवून झालं की तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या. रंगाच्या भांड्यांतून गेलेल्या सुताचे तंतू उभे राहतात, ते खळीने बसतात.

एकाच रंगाच्या दोन लडी कधीच अगदी सारख्या येत नाहीत. त्या एकापुढे एक लावल्या तर कापडात नको तिथे पट्टा उमटतो. एक धागा या लडीचा, एक त्या लडीचा असे घ्या, फरक विरघळून जातो. किंवा उलट, तो पट्टाच हवा म्हणून रचना करा.

खरी मजा पुढे आहे. ताणा घालून झाल्यावर तो साखळीसारखा गुंफून घ्या आणि एक टोक निळीत वेगवेगळ्या खोलीपर्यंत बुडवा. विणताना निळा हळूहळू चढत जातो. बुडवण्याआधी मधेमधे दोऱ्याने घट्ट बांधलंत तर तेवढा भाग पांढरा राहतो, आणि त्याच्या कडा विणताना थोड्या सरकतात. तेलिया रुमालाच्या (सूत आधी बांधून-रंगवून मग विणलेलं कापड) नक्षीची पुसट कड अशाच बांधणीतून येते. इलकल साडीतही शिकण्यासारखं आहे: अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि फासे अडकवून जोडतात, या जोडणीला टोपे-तेणी म्हणतात. ही जोडणी जमली तर मंजिष्ठेचा ताणा मधेच संपवून तिथून निळीचा सुरू करता येईल.

पहिल्या ताण्याला फक्त मंजिष्ठा आणि नीळ घ्या, बाणा न रंगवलेला कोरा ठेवा. रंगवलेल्या प्रत्येक सुताचा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून, अर्धा झाकून, महिनाभर खिडकीत ठेवा. जो उडेल तो पुढच्या कामातून वगळा.