तुमचे प्रश्न : प्रार्थनेला शब्दच येत नाहीत

प्रश्न : माझ्या मिस्टरांना पंधरा वर्षं साखर आणि बीपी आहे. आता किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पहिली एसटी धरून निघतो, घरी यायला दुपार टळते. उपासना चुकते. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, घरात कुणाचं तरी पाप असेल, नाहीतर विश्वास कमी पडतोय. रात्री प्रार्थनेला बसते, पण शब्द येत नाहीत, नुसता राग येतो. देव आमच्याबरोबर आहे हे मी कसं मानू?
— एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : ताई, आधी त्या बाईंचं म्हणणं निकालात काढू. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारलं होतं : पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही नि त्यांचंही नाही. योहानाचा नववा अध्याय त्या बाईंसमोर उघडून ठेवा. किडन्या बऱ्याचदा साखरेने आणि रक्तदाबानेच जातात. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला, विश्वासात पक्की असलेली कितीतरी माणसं मी त्याच मशीनला लागलेली पाहिली आहेत.

विश्वास पुरेसा असला की घरावर संकट येत नाही, हे कुणी शिकवलं आपल्याला? पंडिता रमाबाईंची मनोरमा १९२१ साली गेली. एकुलती एक लेक, मुक्ती मिशनच्या कामातला उजवा हात. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आता तुमचा राग. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा आणि मोठ्याने वाचा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. माणूस रात्रंदिवस ओरडतोय, तू तोंड का लपवतोस म्हणून देवाला जाब विचारतोय. तरी ते शास्त्रातून कुणी काढलं नाही. माझ्या मते ती विश्वासाचीच प्रार्थना आहे, कारण इतकं बोलूनही तो बोलतोय देवाशीच, दुसऱ्या दारी गेलेला नाही. तुम्हीही रात्री त्याच्याचपुढे बसता ना? मग रागावा. त्याला ऐकू द्या.

देव बरोबर आहे हे मनाला जाणवलंच पाहिजे, असं मात्र धरून बसू नका. तीन वाजता उठून एसटी गाठणाऱ्या बाईला दुपारी फक्त थकवा जाणवणार. संदेष्टा एलीया असाच थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. एलीया जेवला, पुन्हा झोपला; दूताने पुन्हा उठवून जेवू घातलं. ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय मला फार प्रिय आहे, तो या भाकरीसाठी. म्हणून सांगते, डायलिसिसच्या दिवशी उपाशी निघू नका. मिस्टरांचं पथ्य सांभाळताना स्वतःचं ताट विसरणाऱ्या बायका मी फार पाहिल्या.

लांब प्रार्थना सध्या राहू द्या. मिस्टरांच्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्यांचा जोड, केला असेल, तर रोज सकाळी त्यावर हलकी बोटं ठेवून थरथर लागते का हे पाहायला दवाखान्यात सांगितलं असेलच. बोटं ठेवलेली असतील तेव्हाच म्हणा, ‘प्रभू, आजचा दिवस तू सांभाळ.’ एवढी प्रार्थना पुरे. थरथर लागली नाही, तर मात्र प्रार्थना करत थांबू नका, लगेच दवाखान्यात फोन करा.

आणि हे एकट्याने ओढू नका. महिला मंडळाच्या सेक्रेटरींना स्पष्ट सांगा की आठवड्यातली एक फेरी दुसऱ्या कुणीतरी मिस्टरांसोबत करावी. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे पुष्कळ असतात, त्यांना वार आणि एसटीची वेळ सांगा. पाळकसाहेबांनाही निरोप द्या. उपासनेला येता येत नाही अशा आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाणं हे त्यांचं कामच आहे, त्यात संकोच कसला? डायलिसिस नसेल त्या दिवसाची संध्याकाळ मागून घ्या, मिस्टरांच्या अंगात तेव्हा जरा त्राण असतं. प्रभुभोजनाच्या प्याल्यातला घोट डॉक्टरांनी त्यांना दिवसाला मोजून दिलेल्या पाण्यात धरा.