आधी तिला विचार, मग हात ठेव

बाळा,

तुझा निरोप दोनदा वाचला. एकविसावा आठवडा चालू आहे, तिला आठवडाभर बाळ फिरल्यासारखं जाणवतंय, तू रोज रात्री पोटावर हात ठेवतोस आणि हाताला काहीच लागत नाही. 'मी हात ठेवला की ते थांबतं' हेही लिहिलंयस, आणि शेवटच्या ओळीत हळूच विचारलंयस की सगळं ठीक असेल ना. हा प्रश्न तू मला विचारलास. तिला विचारलास का? या पत्रात मी हेच चार-पाच वेळा म्हणणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

हिशेबापासून सुरू करू, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे तुमचा एकविसावा आठवडा चालू असला तरी बाळाचं खरं वय त्याहून दोनेक आठवड्यांनी कमीच. कुणी 'पाचव्या महिन्यातच मला लाथ कळली' म्हणालं तर त्याचा पाचवा महिना आणि तुझा एकविसावा आठवडा एकच असेल असं नाही. महिन्यांची भाषा सोड, आठवड्यांत बोल.

विसाव्या आठवड्याला बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर असतं, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास आणि पाऊल जेमतेम तीन-सव्वातीन सेंटिमीटर. ते पाऊल पाण्यात हलतं. तो धक्का आधी गर्भजलात विरतो, मग गर्भाशयाची भिंत, पोटाचे स्नायू, चरबी आणि त्वचा एवढं सगळं ओलांडून तुझ्या तळव्यापर्यंत यायचा असतो. तिला तो आतूनच कळतो. पहिलटकरणीला बहुधा १८ ते २० आठवड्यांत, दुसऱ्या खेपेला कधी सोळाव्यातसुद्धा, कारण तेव्हा ती खूण तिच्या ओळखीची झालेली असते. पहिल्या खेपेला त्या फडफडीला बाई बरेच दिवस गॅसच समजते. बाहेरून हाताला लागायला त्यानंतर आणखी काही आठवडे जातात. बऱ्याच जोडीदारांना २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान पहिली खूण मिळते, काहींना त्याहूनही उशिरा. चोविसाव्या आठवड्याला बाळ ६०० ग्रॅमच्या पुढे जातं, अठ्ठाविसाव्याला किलोभर होतं. लाथेत जोर येतो तो त्या वजनामुळे, तुझ्या हाताच्या पुण्याईने नव्हे.

आता सोनोग्राफीचा रिपोर्ट काढ. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाची सविस्तर तपासणी होते, ती झाली असेलच. त्यात प्लासेंटा, म्हणजे वार, कुठे आहे ते लिहिलेलं असतं. 'अँटिरिअर' लिहिलं असेल तर वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे, म्हणजे बाळ आणि तुझा हात यांच्यामध्ये एक जाड गादी आहे. हा दोष नाही, आजार तर नाहीच. पण अशा वेळी तुझ्या हाताला लागायला २६ किंवा २८ आठवडे झाले तरी नवल नाही, आणि तिलाही ठोसे बोथट लागतात. मग बेंबीभोवती चाचपत बसण्यात अर्थ नसतो. वार जिथे संपते तिथे, म्हणजे बहुधा पोटाच्या दोन्ही कडांना नाहीतर खाली ओटीपोटाशी, हात ठेवायचा. नेमकं कुठे? तिला विचार. गादी कुठे आणि ठोसे कुठे याचा नकाशा तिच्याकडे आहे.

'पोस्टिरिअर' असेल, म्हणजे वार पाठीमागच्या भिंतीला असेल, तर तुझं काम जरा सोपं. तरीही बाळाची पाठ पुढे आणि हातपाय तिच्या कण्याकडे असले तर लाथा आतल्या आत जिरतात. ते दोन दिवसांत गिरकी घेईल आणि चित्र बदलेल.

हात ठेवायची पद्धत तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. विसाव्या आठवड्याला गर्भाशयाचा माथा बेंबीच्या आसपास येतो. त्याआधी बेंबीच्या वर हात ठेवून बसणारे नुसतं आतडं चाचपत असतात. तुमच्या आठवड्यात हात बेंबी आणि ओटीपोटाचं हाड यांच्यामध्ये हवा. जाड कपडा बाजूला सार. हात आधी ऊबदार कर, गार हात लागला की तिचे स्नायू आक्रसतात आणि मग काहीच कळत नाही. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, अख्खा तळवा सपाट टेकवायचा, आणि दाब एवढाच की श्वासाबरोबर हात वर-खाली व्हावा. ती डाव्या कुशीवर किंवा उशांना टेकून अर्धी बसलेली असू दे. फार वेळ सपाट उताणी झोपवू नकोस. आणखी काही आठवड्यांनी उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, तिला गरगरतं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. २८ आठवड्यांनंतर तर झोपी जातानाही कुशीवरच, हे आत्तापासून लक्षात ठेव.

आणि मग थांब. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हात न हलवता. तू दोन मिनिटांत हात काढतोस हे तू लिहिलं नाहीस, पण सगळे तेच करतात.

'मी हात ठेवला की थांबतं' याचं उत्तरही त्यातच आहे. एकेक हालचाल सेकंदा-दोन सेकंदांची. ती 'ये, ये' म्हणते, तू येतोस, ती सरळ होते, कपडा सारते, श्वास रोखते, तोवर ते संपलेलं असतं. शिवाय बाळ झोपतं. एकेक डुलकी साधारण २० ते ४० मिनिटांची, दीड तासाच्या पुढे सहसा जात नाही. त्या डुलकीत तू हात ठेवलास तर काय लागणार? त्याला तुझा स्पर्श आवडत नाही वगैरे डोक्यातून काढ. पुष्कळ बाळं दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त हलतात. दिवसभर तिची धावपळ चालू असताना तिलाही बऱ्याच हालचाली कळत नाहीत, ती आडवी झाली की कळतात. म्हणून तुझ्या सोयीची वेळ धरू नकोस. बाळ जागं कधी असतं ते तिला विचार आणि त्या वेळी मोकळा राहा.

फसगत कशी होते तेही सांगते. तळव्याखाली एकसारखी ठकठक लागली तर ती बहुधा तिच्याच महाधमनीची असते. तू अंगठा दाबून बसलास तर तुझी स्वतःची नाडीही लागते, आणि लोक तिला बाळाचं काळीज समजून डोळे पुसतात. अख्खं पोट एकदम कडक होऊन सैल पडलं तर ती लाथ नाही, गर्भाशयाचं आकुंचन आहे. अधूनमधून होणारं बिनदुखीचं आकुंचन नेहमीचं, पण ते ठरावीक अंतराने येऊ लागलं किंवा दुखू लागलं तर दवाखान्यात फोन करायचा. पुढच्या काही आठवड्यांत एकाच जागी, एकाच तालात काही मिनिटं टिकटिक लागेल, ती उचकी. तुझ्या हाताला पहिल्यांदा बहुधा एक बारका टिचका लागेल, इतका बारका की तू तिच्याकडे बघशील. ती हो म्हणाली तर ते बाळ. ती नाही म्हणाली तर वाद घालू नकोस.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. तुझा हात म्हणजे तपासणी नाही. तुला लागलं म्हणून बाळ ठीक असं ठरत नाही आणि लागलं नाही म्हणून बिघडलं असंही ठरत नाही. ठरतं ते तिच्या सांगण्यावर. चोविसावा आठवडा उजाडला आणि तिला स्वतःला एकदाही हालचाल जाणवली नसती, तर डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. तुमच्याकडे ती पायरी ओलांडून झाली आहे. पुढे हालचालींची तिची तिची एक रीत बसेल, आणि ती रीत मोडली, हालचाल कमी झाली, मंद झाली किंवा थांबली असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी जायचं. रात्री म्हणाली तर रात्री. २८ आठवड्यांनंतर तिला नुसती शंका वाटली तर डाव्या कुशीवर झोपवून दोन तास फक्त हालचालींकडे लक्ष द्यायला सांगतात. त्यात दहा वेगवेगळ्या हालचाली जाणवल्या नाहीत तर निघायचं. आणि तिला पक्कं वाटत असेल तर ते दोन तासही घालवायचे नाहीत. गोड खायला घालून, गार पाणी पाजून बाळाला उठवायचे प्रयोग करत रात्र काढू नकोस.

'दिवस भरत आले की बाळ शांतच होतं' हे तुला दहा जण ऐकवतील. खोटं आहे. बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत हालचाली वाढतात, मग त्याच पातळीला राहतात. जागा कमी पडते म्हणून लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं, घासल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. प्रसूतीच्या कळांपर्यंत नाही.

यावरून मला हट्टी म्हणतात, उगीच घाबरवते म्हणतात. म्हणू देत. विनाकारण घातलेली एक खेप आणि बाळाचे ठोके टिपणाऱ्या मशीनची तासाभराची पट्टी, एवढाच माझ्या हट्टाचा खर्च आहे. वर्षानुवर्षं मी हे फक्त आयांना सांगत आले आणि जोडीदाराला दाराबाहेरच्या खुर्चीवर बसवत आले, हे मात्र चुकलं. कारण 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य पुष्कळदा त्या खुर्चीवरच्या माणसाचं असतं. तू ते म्हणू नयेस म्हणून एवढं रागावून लिहिलं.

राहिलं ते तुझं घरगुती डॉपलर, म्हणजे पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र. वारेतल्या रक्ताची सूं-सूं किंवा तिचीच नाडी ऐकून 'आवाज येतोय, मग ठीक आहे' असं म्हणून घरी थांबणं यासारखं घातक काही नाही. आणि ठोके खरे बाळाचे निघाले तरी ते फक्त त्या मिनिटाबद्दल सांगतात, हालचाल का कमी झाली ते सांगत नाहीत. पावती जपून ठेवली असशील तर परत देऊन ये. रिपोर्टमध्ये वार कुठे लिहिली आहे ते मला कळव, आणि तिला पाठव ना कधी बोलायला.

काकू