युद्धपट लिहायचाय, म्हणून आधी सैन्यात जाऊ का?

प्रश्न : मला युद्धपट लिहायचे आहेत. त्यासाठी आधी काही वर्षं सैन्यात जावं का? आणि लष्कराची मदत घेतली, तर मनासारखं लिहिता येतं का?

उत्तर : नुसत्या अनुभवासाठी सैन्यात जाऊ नकोस. तिथे इतरांचे जीव तुझ्या भरवशावर असतात. जायचं तर त्या कामाची ओढ असेल तरच जा.

अनुभवाचं मोल मोठं आहे, यात शंका नाही. ‘विंग्ज’चे (१९२७) दिग्दर्शक विल्यम वेलमन पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होते. ‘प्लाटून’ (१९८६) लिहिणारे आणि दिग्दर्शित करणारे ऑलिव्हर स्टोन व्हिएतनाममध्ये पायदळात लढले. तरीही वेलमन यांना अमेरिकी लष्कराने विमानं आणि सैनिक दिले, तर स्टोन यांना पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, नकार दिला. पटकथेत सैनिक आणि युद्ध कसं दिसतं, याला तिथे फार महत्त्व असतं. पुढे दोन्ही चित्रपटांना सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, हेही लक्षात ठेव.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मदत हवी असेल, तर निर्माता संरक्षण खात्याकडे पटकथा पाठवतो. अधिकारी ती वाचून आक्षेप कळवतात. करार झाला की चित्रीकरणावर त्यांचा माणूस असतो आणि प्रदर्शनाआधी चित्रपट खात्याला दाखवावा लागतो. चित्रीकरणामुळे होणारा जादा खर्च निर्माताच भरतो. ‘टॉप गन’च्या (१९८६) आधीच्या मसुद्यात नायिका नौदलात होती, नौदलाच्या आक्षेपानंतर ती नागरी तज्ज्ञ झाली. अशा बदलाची सक्ती कुणी करत नाही, पण विमानवाहू नौका दुसरीकडून आणायची कुठून? लष्करालाही चांगली प्रतिमा हवी असते, भरतीला हातभार हवा असतो. त्यात गैर काही नाही. मात्र प्रेक्षकाला हा व्यवहार दिसत नाही, आणि ते मला खटकतं.

म्हणून पटकथालेखन रीतसर शिक, सोबत लष्करी इतिहास वाच. माजी सैनिकांशी बोल. त्यांना लढाईइतकंच वाट पाहणं, कंटाळा, घरची पत्रं यांबद्दलही प्रश्न विचार. सुरुवातीला एखाद्या लेखकाकडे संशोधन सहायक म्हणून काम मिळतं का बघ. लष्करी तपशील तपासायला निवृत्त अधिकारी सल्लागार म्हणून मिळतात. ‘प्लाटून’च्या नटांना अमेरिकेच्या मरीन दलातले निवृत्त अधिकारी डेल डाय यांनीच तयार केलं होतं.

आणि पहिली पटकथा अशी लिही, की जिला एकही रणगाडा लागणार नाही. एक खंदक, चार माणसं, एक रात्र. तिच्यातला कोणता प्रसंग कुणी सांगितलं तरी काढणार नाहीस, ते ठरव आणि मला कळव.