गिटार, चार कोर्स आणि बाबांची वही

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. दिवाळीपासून यूट्यूबवर बघून गिटार शिकतो. मी दोन ॲप आणि दोन ऑनलाइन कोर्स घेऊन दिले, रोज किती मिनिटं वाजवलं ते वहीत लिहितो. तरी एफ कॉर्डवरच (एकत्र वाजवायच्या सुरांच्या एका जोडणीवरच) अडकलाय. गणपतीत वाजवेल असा मंडळाला मी शब्द दिला आहे. कोणता कोर्स घेतला तर सहा महिन्यांत तयार होईल? ग्रेडचं सर्टिफिकेट इंजिनिअरिंगच्या प्रवेशात चालतं का?
— एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : शब्द तुम्ही दिलात, कोर्स तुम्ही घेतलेत, वही तुम्ही लिहिता. मुलाला काय वाजवायचंय याबद्दल पत्रात एक ओळ नाही. एफ कॉर्डपेक्षा मला त्या वहीची जास्त काळजी वाटते.

सुरुवातीचा रियाज कानाला वाईटच लागतो. सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाणं एका मिनिटात किती वेळा स्वच्छ जमतं ते मोजायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. शेजारी कुणी वही घेऊन बसलं की मुलगा हे करत नाही. येतं तेच गाणं वाजवून मिनिटं भरून काढतो. वहीत चाळीस मिनिटं लागतात आणि हात तिथेच राहतो. वही बंद करा. मंडळालाही आजच कळवून टाका की त्याचं अजून ठरलेलं नाही.

आता कोर्स. चार आहेत, हीच अडचण आहे. एक कोर्स ई मायनरपासून सुरू करतो, दुसरा ए आणि डीपासून. जीची बोटंही प्रत्येकाची वेगळी. कंटाळा आला की मुलगा दुसऱ्या कोर्सच्या पहिल्या धड्यावर जातो. एकच ठेवा, आणि तो त्यानं निवडावा. धडे क्रमानं आहेत का, उजव्या हाताचे स्ट्रोक आणि पायाचा ठेका शिकवतात का, सोबत वाजवायला संथ ट्रॅक आहेत का, एवढं बघू दे. जस्टिन गिटारचे धडे असे क्रमवार आहेत आणि वेबसाइटवर फुकट आहेत. पैसे टाकले म्हणून कोर्स चांगला, असं काही नाही. ॲपला माइकमधून सूर कळतो, वाकलेलं मनगट दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा जाणत्या माणसाला हात दाखवावा. पुढे बारावीच्या वर्षात रोजची वीस मिनिटं पुरे.

एफ अडतो तो बऱ्याचदा गिटारमुळे. स्वस्त गिटारचा नट (डोक्याजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) अनेकदा उंच असतो, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबायला फार जोर लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा: तार आणि फ्रेट यांत कागदाएवढी फट हवी. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून एफची बार, म्हणजे तारांवर आडवं धरलेलं बोट, दुसऱ्यावर धरू दे. एकदम सोपी झाली तर दोष नटचा. बाराव्या फ्रेटवर जाड ई तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी. तीनच्या वर गेली तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. नटच्या खाचा घरी कानशीनं घासू नका. एकदा जास्त घासली गेली की तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलावा लागतो. तारा १० किंवा ११ गेजच्या (जाडीच्या) लावा. तोपर्यंत एफऐवजी बारीक चार तारांचा छोटा एफ चालतो. त्यात कमीपणा नाही.

सर्टिफिकेटचा गैरसमज बहुतेक परदेशातून आलाय. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या ग्रेड ६ ते ८ ला ब्रिटनच्या विद्यापीठ प्रवेशात काही पॉइंट मिळतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगचा प्रवेश जेईई किंवा गुजसेट (गुजरातची प्रवेश परीक्षा) आणि बोर्डाच्या गुणांवर होतो. तिथे गिटारच्या ग्रेडला शून्य किंमत. परीक्षा द्यायची तर ठरावीक अभ्यासक्रम आणि तारीख हवी असते म्हणून द्यावी, आणि तेही मुलगा स्वतः म्हणाला तर. त्याला संगीतातच पदवी करायची असेल तर १८८६ च्या संगीतशाळेतून वाढलेली सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी तुमच्या गावातच आहे. पण तो वेगळा प्रश्न झाला, आणि तो तुम्ही विचारायचा नाही.

पुढचं पत्र त्याला लिहू दे. बाराव्या फ्रेटवर तार किती उंच भरली आणि चारांतला कोणता कोर्स ठेवला, एवढं कळवलं तरी पुढचं सांगता येईल.