रूफटॉप सोडून परमिट रूमच का बरी वाटते?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो, वय ४६. आता इकडं लाईटिंगवाले, डीजेवाले बार झालेत, मित्र तिकडंच ओढतात. मला मात्र मार्केट यार्डाकडची जुनी परमिट रूमच बरी वाटते. बायको म्हणते, चार पैसे हातात असून तिथं काय बसता. माझंच काही बिघडलंय का?

उत्तर : बिघडतंय काय त्यात, राव! तिकडं म्युझिक एवढं मोठं की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं आणि मेनूकार्ड उघडलं की नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते. तुमच्याकडं वेटर तुम्हाला दारातच बघतो, काही न विचारता नेहमीची नाईंटी नि सोडा आणून ठेवतो, मागनं भडंगाची प्लेट, वर बारीक कांदा, लिंबू पिळलेलं, आणि ते बिलात लागत नाही. सांगलीत बसून भडंग नाही म्हणजे कसला चखणा! शेजारच्या टेबलावर हळदीचा व्यापारी, त्याच्या पलीकडं हमाल, कोपऱ्यात रिटायर मास्तर. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की सगळी टेबलं एकच होतात, कारण ४५ ला धोका आणि २०१९ चा महापूर कोण विसरलंय. आणि बोलायचं नसलं तर पेपर उघडून एकटं बसा, कुणी विचारत नाही काय झालं म्हणून. रूफटॉपवर एकटा बसलेला माणूस लगेच बिचारा दिसतो, माझ्या मते खरा फरक इथंच आहे.

१ एप्रिल २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतले बार बंद पडले, लहान गावांत २२० मीटर, जुलैत शहरहद्दीतल्यांना मोकळीक मिळाली. मधल्या काळात कितीतरी जणांनी घरी बसून बघितलं. बाटली तीच, पण जमेना, एकतर पोरं घरात आणि समोर टीव्हीवरची सिरीयल.

बाकी बोर्डावर परमिट लिहिलंय ते उगाच नाही हां, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आजही प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचासुद्धा मिळतो, आत कुणी मागत नाही ही गोष्ट वेगळी. गाडी तेवढी घरी ठेवा, रिक्षानं जा. वहिनींना एखाद दिवशी फॅमिली सेक्शनला जेवायला न्या, अशा ठिकाणची अंडा बुर्जी लाउंजवाल्यांना जन्मात जमायची नाही. पण त्यांची तक्रार जागेची आहे का आठवड्यातल्या दिवसांची, ते आधी नीट विचारून घ्या, तुमच्या पत्रात त्यावर एक अक्षर नाही.